कोंकणच्या सड्यावरील कातळशिल्पें

कोंकणांतून पोटापाण्यासाठीं मुंबई-पुण्याकडे गेलेल्या घराण्यांच्या जुन्या कागदपत्रांत जमिनीचे जे प्रकार आढळतात, त्यांत आगर, भातखाचर आणि वरकस यांच्या मागून, अगदीं शेवटीं, 'कातळ' येतो. आगराविषयीं भाऊबंदांत कज्जे होतात, खाचराच्या बांधावरून बोलणें तुटतें, वरकसावरील चार काजूंसाठींही कुरकुर चालते. कातळाची वांटणी करतांना मात्र कोणी आवाज चढविल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराब' अशी होते आणि विषय तेथेंच संपतो. ज्या भूमीवर नांगर चालत नाहीं, विहीर लागत नाहीं आणि झाड जीव धरीत नाहीं, तिची चौकशी गृहस्थाश्रमी माणसानें कां करावी?

परंतु याच पोटखराब भूमीवर प्राचीन मानवाच्या हातचा एक अफाट चित्रसंग्रह उघडा पडलेला आहे. गेल्या पौष महिन्यांत आम्हीं त्यांतील कांहीं स्थळें प्रत्यक्ष पाहिलीं, आणि एका लहानशा, अद्यापि कोणत्याही यादींत न आलेल्या स्थळाची नोंद करण्याच्या कामीं आमचाही हात लागला. त्या प्रवासाचा वृत्तांत वाचकांस, विशेषतः ज्यांच्या उताऱ्यावर आजही कातळ आहे अशा वाचकांस, सादर करावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम सडा म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. कोंकणची भूमि समुद्रापासून सह्याद्रीकडे पायऱ्यापायऱ्यांनीं चढत जाते. खाडीच्या कांठीं माड व पोफळी, त्यांच्यावर घरें आणि देवळें, त्यांच्या पाठीशीं दाट झाडीचा उतार, आणि उतार संपला कीं एकाएकीं डोळ्यांपुढें पसरतो तो सपाट, काळपट-तांबडा, क्षितिजापर्यंत गेलेला खडक. हाच सडा. हा खडक जांभ्याचा. मूळचा काळा दगड हजारों पावसाळे आणि उन्हाळे आलटून पालटून सोसत असतांना त्यांतील सिलिकेचा अंश धुऊन गेला, लोखंडाचा व ॲल्युमिनियमचा अंश मागें राहिला, आणि त्याचा हा सच्छिद्र तांबडा दगड झाला. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्यानें मलबारांत असा दगड पाहून लॅटिन भाषेंतील 'वीट' या अर्थाच्या शब्दावरून त्याला 'लॅटराइट' हें नांव दिलें; त्याचा प्रवासग्रंथ १८०७ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या कोंकण्यांनीं याच दगडाचे चिरे काढून घरें, विहिरी आणि देवळें बांधलीं. म्हणजे नांव वेगळें असलें तरी उपयोग वीटेचाच झाला. जमिनीखालीं हा दगड मऊ असतो आणि उघड्यावर आला म्हणजे घट्ट होतो. सड्याचा पृष्ठभाग शतकानुशतकें ऊन-वारा खाऊन कसा कठीण झाला असेल याची कल्पना यावरून करावी.

उन्हाळ्यांत हा सडा तापलेल्या तव्यासारखा असतो. पावसाळ्यांत त्यावर वीतभर गवत उगवतें, खळग्यांत पाणी सांचतें, आणि श्रावण-भाद्रपदांत सीतेच्या आसवांची निळी फुलें व तेरडा यांनीं तो असा कांहीं नटतो कीं, वैशाखांत पाहिलेला खडक तो हाच काय, अशी शंका यावी. गवत वाळून उडालें कीं खडक पुन्हा उघडा होतो. चित्रें पाहण्याचे दिवस ते हेच, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंतचे.

सड्यावर आकृति कोरलेल्या आहेत ही गोष्ट गुराख्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. ज्याचा उलगडा होत नाहीं तें काम पांडवांचें, असा कोंकणांतील सर्वमान्य सिद्धांत असल्यामुळें त्यांनीं तिचा फारसा विचार केला नाहीं. विद्वानांच्या दृष्टीस हीं चित्रें तुकड्यातुकड्यांनीं आलीं. गोव्यांत सांगे तालुक्यांतील उसगाळीमळ येथें कुशावती नदीच्या कांठचीं शिल्पें १९९३ सालीं उजेडांत आलीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत श्री. सतीश लळीत यांनीं २००१ सालीं हिवाळे येथील व पुढें २०१२ सालीं मालवण तालुक्यांतील कुडोपी येथील शिल्पें प्रसिद्धीस आणलीं. कुडोपीच्या त्या टेंकाडास गांवकरी पूर्वापार 'बाहुल्यांचें टेंब' म्हणत आले आहेत. रत्नागिरी जिल्ह्यांत श्री. सुधीर रिसबूड, श्री. धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक श्री. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं सडेच्या सडे पायांखालीं घातले. त्यांची पद्धत साधी होती. गांवांत जावयाचें, वडीलधाऱ्यांस आणि गुराख्यांस विचारावयाचें, आणि त्यांनीं बोट दाखविलें तिकडे चालूं लागावयाचें. अशा रीतीनें आजवर दीड हजाराहून अधिक आकृति नोंदल्या गेल्या आहेत. २०२२ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत कोंकणांतील नऊ स्थळांचा समावेश झाला. कशेळी, रुंढेतळी, देवाचें गोठणें, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी व कुडोपी हीं आठ महाराष्ट्रांतील, आणि नववें गोव्यांतील फणसाईमळ, म्हणजे वर सांगितलेलें कुशावतीकांठचेंच स्थळ.

आमच्याबरोबर आमचें कुटुंब होतें, आणि पूर्वीं आमच्याच वर्गांत बसलेले व आतां मोजणीचा व्यवसाय करणारे एक विद्यार्थी होते. त्यांचीच मोटार आणि त्यांचीच हौस. रत्नागिरीहून पहांटे निघून पांवस मागें टाकलें, पूर्णगडापाशीं मुचकुंदी नदीची खाडी पुलावरून ओलांडली, आणि गांवखडीचें सुरूचें बन उजवीकडे ठेवून सूर्य वर येतां येतां कशेळीच्या सड्यावर पोहोंचलों.

कशेळीचा हत्ती पाहण्यास गेलेल्या मनुष्यास प्रथम हत्ती दिसत नाहीं, हें येथें नमूद केलें पाहिजे. दिसतात त्या रेषा. एक रेघ पायाजवळून निघते, वळते, दूर जाते. तिच्या पोटांत एक पाकट दिसतो, त्याच्या पलीकडे मासा, आणखी एक मासा, मुशीसारखें कांहींतरी, मग कोणते तरी चतुष्पाद. आपण हत्तीच्या पोटांत उभे आहों हें लक्षांत येण्यास कांहीं वेळ जातो. या हत्तीची लांबी सुमारें १८ मीटर आणि उंची सुमारें १३ मीटर आहे. चाळींतील दोन खोल्यांचीं चार बिऱ्हाडें त्याच्या देहांत सहज मावतील. कडेनें चालत फेरी घातली तेव्हां कोठें सोंड, गंडस्थळ, पाठ आणि पाय यांचा अन्वय लागला. ज्या कोणीं हें चित्र काढलें, त्याला तें पुरतें एका दृष्टिक्षेपांत दिसण्यासारखें उंच ठिकाण जवळपास नाहीं. आज ड्रोन नांवाचें यंत्र आकाशांत पाठवून आपण जें रूप पाहतों, तें त्यानें आपल्या मनांत धरून ठेवून पायांखालच्या खडकावर उतरविलें. प्रमाण कोठेंही फारसें सुटलेलें नाहीं.

या गांवीं आणखी एक वस्तु आहे, तिची आठवण येथें झाल्यावांचून राहिली नाहीं. कशेळीचें कनकादित्याचें देवालय प्रसिद्ध आहे, आणि शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळचा, बाराव्या शतकांतील ताम्रपट या गांवाच्या नांवाशीं जोडलेला आहे. त्या ताम्रपटांत दान देणारा कोण, घेणारा कोण, कशासाठीं दिलें, हें सारें संस्कृतांत लिहिलेलें आहे. आठशें वर्षें झालीं तरी ज्यास लिपि व भाषा येते तो तें आजही वाचूं शकतो. त्याच गांवच्या सड्यावरील हत्तीपाशीं मात्र आपलें सारें व्याकरण थांबतें. कर्ता अज्ञात, हेतु अज्ञात, आणि काळ तर केवळ अनुमानाचा. आयुष्यभर लिहिलेल्यावरच विसंबून राहिलेल्या आमच्यासारख्या शाळामास्तरास या अक्षरशून्य खडकापुढें उभे राहतांना एक प्रकारचें विनम्र भय वाटलें.

काळाविषयीं थोडें लिहितों. खडकांत कोरलेल्या रेघेंत कोळसा नाहीं, हाड नाहीं, रंग नाहीं. त्यामुळें कार्बनच्या रीतीनें तिचें वय थेट काढतां येत नाहीं. विद्वानांनीं अनुमान केलें तें चित्रांतील विषयांवरून. या आकृतींत शिकारीचे व रानचे प्राणी आहेत, समुद्रांतील जीव आहेत, मनुष्याकृति आहेत आणि चौकोनांत भरलेल्या गुंतागुंतीच्या रचना आहेत. शेतीच्या कामाचें दृश्य मात्र सांपडत नाहीं. त्यावरून हे लोक शेती करूं लागण्यापूर्वींचे, शिकार आणि मासेमारी यांवर जगणारे असावेत, आणि त्यांचा काळ दहा हजार वर्षांच्या आसपास किंवा त्याहूनही मागें जावा, असा राज्याच्या पुरातत्त्व खात्यांतील संशोधकांचा कयास आहे. दुसरें गमक गेंड्याचें. कोंकणांत आज गेंडा केवळ शब्दकोशांत भेटतो, परंतु सड्यावर त्याच्या आकृति आहेत. हें अगदींच नवलाचें नव्हे. गुजरातेंतील लांघणज येथें डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया यांनीं केलेल्या उत्खननांत मध्याश्मयुगीन वस्तींत गेंड्याच्या खांद्याचें हाड मिळालें होतें. म्हणजे गुजरातेच्या त्या भागांत हा प्राणी एके काळीं नांदत होता, इतकें निश्चित.

आमच्या वाचकांस भीमबेटका ठाऊक असेलच. मध्यप्रदेशांतील तीं चित्रगृहें डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकांनीं १९५७-५८ च्या सुमारास जगापुढें आणलीं. तेथील चित्रें गुहेच्या भिंतीवर, रंगानें काढलेलीं आणि छपराखालीं सुरक्षित आहेत. कोंकणांतील हीं चित्रें जमिनीवर, कोरून काढलेलीं आणि उघड्या आकाशाखालीं आहेत. भिंतीवरच्या चित्रासमोर आपण उभे राहतों. येथें आपण चित्राच्या आंत उभे असतों. त्यामुळें येथें पाहण्याची रीतही निराळी आहे आणि धोकाही निराळा आहे.

कशेळीहून पुढें देवीहसोळ येथें आर्यादुर्गेच्या देवळाजवळील चौकोनी रचना पाहिली. देवाचें गोठणें येथील शिल्पाजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते, हें विद्यार्थ्यांनीं आम्हांस करून दाखविलें. बारसूच्या सड्यावर दोन बाजूंस दोन वाघ आणि मध्यें मनुष्य अशी प्रसिद्ध आकृति आहे. तिच्याकडे पाहतांना मोहेंजोदडो येथील मुद्रेवरील, दोन वाघांना दोन्ही हातांनीं थोपविणाऱ्या पुरुषाची आठवण जाणत्यांस होते. दोहोंत संबंध आहे असें म्हणण्यास मात्र आज आधार नाहीं. याच सड्याच्या परिसरांत २०२३ सालीं तेलशुद्धीकरणाच्या प्रकल्पासाठीं मातीचें परीक्षण सुरू झालें, तेव्हां गांवकऱ्यांनीं मोठा विरोध केला आणि बारसूचें नांव साऱ्या महाराष्ट्रांत गाजलें. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. 'पोटखराब' जमिनीस एकाएकीं केवढें मोल येऊं शकतें, एवढें त्यावरून कळलें म्हणजे पुरे.

आतां आमच्या कामाच्या स्थळाकडे वळतों. त्या गांवाचें नांव मुद्दामच देत नाहीं. कारण पुढें समजेल.

हें स्थळ सड्यावर नसून सड्याच्या कडेखालीं, झाडीच्या उतारावर आहे. वाडीच्या मागून पायवाट निघते ती ऐन, किंजळ आणि कुंभा यांच्या सांवलींतून वर चढते. दोन्ही अंगांस करवंदीच्या जाळ्या. अर्ध्या तासाच्या चढणीनंतर उतारांतून पुढें आलेला जांभ्याचा एक सपाट ओटा लागतो. त्याच्या एका अंगास रान, दुसऱ्या अंगास दरी, आणि दूरवर खाडीचें पाणी. या ओट्यावर पाचोळ्याखालीं चित्रें आहेत, असें एका गुराखी मुलानें आमच्या विद्यार्थ्यांस सांगितलें होतें. या ओट्यापलीकडे, हांकेच्या अंतरावर, चिऱ्याच्या खाणीसाठीं आंखणीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. आमच्या हातीं तीन दिवस होते.

काम कसें केलें तें थोडें विस्तारानें सांगतों, कारण तें कोणाही नीटनेटक्या माणसास करतां येण्यासारखें आहे. पहिला दिवस झाडण्यांत गेला. हिरांचा खराटा केवळ पाचोळ्यासाठीं. खडकावर शिंदीच्या पानांची मऊ केरसुणी, आणि रेघेंत सांचलेल्या मातीसाठीं रंगाऱ्याचा जुना कुंचा. लोखंडाची कोणतीही वस्तु खडकास लावावयाची नाहीं, आणि रेघ उठून दिसावी म्हणून तींत खडू किंवा चुना भरावयाचा नाहीं. हौशी मंडळी छायाचित्रासाठीं असें करतात, परंतु तो रंग दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतो, आणि पुढील पाहणाऱ्यास मूळची रेघ कोणती व भरणाऱ्याची कल्पना कोणती हें कळत नाहीं. दुसऱ्या दिवशीं होकायंत्रानें उत्तर धरून एक पायारेषा आंखली, आणि तिच्या आधारें साऱ्या ओट्यावर दोऱ्याचे एक-एक मीटरचे चौकोन पाडले. खिळे न ठोकतां दोऱ्याचीं टोकें सुट्या दगडांखालीं दाबलीं. मग आलेखकागदावर १० सेंटिमीटरास १ सेंटिमीटर या प्रमाणानें एकेक चौकोन उतरवीत गेलों.

उजेडाचें महत्त्व या कामांत फार आहे. सूर्य माथ्यावर आला कीं सारीं चित्रें अदृश्य होतात, आणि तेथें कांहीं आहे असें सांगितलें तरी कोणी विश्वास ठेवणार नाहीं. सकाळीं आठ-नऊपर्यंत आणि दुपारीं चारनंतर किरण तिरपे पडूं लागले म्हणजे रेघेच्या एका कांठावर सांवली बसते आणि मासा जणूं पाण्यांतून वर येतो. म्हणून छायाचित्रें याच वेळीं घेतलीं. रात्रीं विजेरी जमिनीलगत आडवी धरून आणखी कांहीं घेतलीं.

प्रत्येक चौकोन आम्ही आणि आमचे विद्यार्थी निरनिराळे काढीत होतों, आणि नंतर दोन्ही कागद ताडून पाहत होतों. दोघांसही दिसली ती रेघ सलग, एकासच दिसली ती तुटक, असा नियम ठेवला होता. जांभा छिद्रांचा दगड. त्यांत पाहणाऱ्याच्या मनांत जें असेल तें दिसूं लागतें. संस्कृत शिकवितांना आम्ही मुलांस सांगत असूं कीं, आधीं पदच्छेद, मग अन्वय आणि शेवटीं अर्थ. जो विद्यार्थी श्लोक ऐकतांच अर्थाकडे धांवतो तो हटकून आपल्या पदरचें कांहींतरी त्यांत घालतो. सड्यावरची नोंद म्हणजे निव्वळ पदच्छेद होय. 'ही देवता', 'हा यज्ञ', 'हें यंत्र' असें लिहिण्याची भूक त्या तीन दिवसांत पदोपदीं लागते. ती आवरून 'दोन समांतर वक्ररेषा, लांबी अमुक' एवढेंच लिहिणें हीच त्या अज्ञात कर्त्याची खरी सेवा आहे.

अखेरीस अकरा आकृति निश्चित झाल्या. चार मासे, एक पाकट, एक शिंगें असलेला चतुष्पाद, दोन मनुष्याकृति, एक कांसवासारखी आकृति, आणि आडव्या-उभ्या रेषांनीं भरलेले दोन चौकोन. मनुष्याकृतींपैकीं एकीचे केवळ कमरेखालचे पायच काढलेले होते. असे पाय कोंकणांतील अन्य स्थळींही आढळतात. रेघा सरासरी दोन बोटें रुंद आणि बोटभर खोल.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमच्या कुटुंबानें एक गोष्ट लक्षांत आणून दिली, ती आम्हां दोघां कागदवाल्यांच्या ध्यानांत आली नव्हती. त्या कडेला बसून बराच वेळ पाकटाकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "हें बसून काढलेलें आहे. चैत्रांगण काढतांना मी जशी मागें मागें सरकतें, तसाच हा सरकत गेला असला पाहिजे. पाहा ना, प्रत्येक वळण हाताच्या आवांक्याएवढें आहे, आणि त्यापुढें रेघ किंचित् जोडल्यासारखी दिसते." आम्हीं टेप लावून पाहिला. पाकटाची कड जेथें जेथें किंचित् मोडली होती, तेथें तेथें अंतर बसलेल्या मनुष्याच्या हाताच्या फेराएवढेंच भरत होतें. चैत्रगौरीपुढें जें चैत्रांगण काढतात त्यांत कांसव, हत्ती, सर्प, सूर्य-चंद्र येतात हें खरें. म्हणून त्याचा उगम सड्यावर आहे असें आम्ही म्हणत नाहीं, आणि त्याही म्हणाल्या नाहींत. परंतु जमिनीवर चित्र कसें काढतात, हें ज्यांनीं पन्नास वर्षें अंगणांत बसून केलें त्यांस जें कळलें, तें आम्हांस पुस्तकांतून कळलें नसतें. नोंदीच्या कागदावर हें निरीक्षण त्यांच्या नांवानिशीं लिहिलें आहे.

त्याच दुपारीं जमिनीचे मालक वर आले. वय पन्नाशीच्या आसपास, खांद्यावर कोयता. पाचोळा झाडलेला ओटा, दोऱ्याचे चौकोन आणि आमचे कागद त्यांनीं शांतपणें पाहिले. आम्हीं एकेक आकृति दाखविली. माशापाशीं ते हंसले. "ही तर पालूच," असें म्हणून त्यांनीं दुसऱ्या एका माशाचेंही नांव सांगून टाकलें. मग बसून तंबाखू मळीत म्हणाले, "गुरुजी, माझ्या आज्यापास्नं हितं कोणी पीक घेतलान् नाय. आता खाणवालो दोन पैसे देतोय. मुलगी नर्सिंगला हाय. तुमी चित्रं कागदावर काढून न्याल, तुमचं काम झालं. आमचं काय?"

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. संभाव्य यादींत नांव आल्यानें कोणाच्या मुलीची फी भरली जात नाहीं, आणि ज्या समाजानें शंभर वर्षें त्या भूमीस पोटखराब म्हटलें त्यानें एके दिवशीं येऊन 'हा राष्ट्राचा ठेवा, हात लावूं नका' असें सांगावें, हें त्यांच्या दृष्टीनें अन्यायाचेंच आहे. दुसऱ्या पक्षीं, खाणीच्या यंत्राची चकती एकदां या ओट्यावर फिरली कीं सायंकाळपर्यंत चिरे रचून होतील, आणि जें हजारों पावसाळ्यांस पुसतां आलें नाहीं तें एका दिवसांत कोणाच्या तरी कुंपणाच्या भिंतींत जाऊन बसेल. कापलेला कातळ पुन्हा उगवत नाहीं.

मार्ग दाखविला तो आमच्या विद्यार्थ्यांनीं, आणि तोही उपदेशानें नव्हे, मोजणीनें. त्यांनीं साऱ्या तुकड्याचा नकाशा मालकांपुढें पसरला आणि चित्रांची जागा रंगवून दाखविली. ती दोन गुंठ्यांहूनही कमी भरली. भोंवतीं पुरेसें अंतर सोडूनही खाणीसाठीं बहुतेक जमीन मोकळी राहत होती, केवळ आंखणी दुसऱ्या अंगानें करावी लागत होती. उक्षी येथें हत्तीच्या चित्राभोंवतीं कठडा घातला आहे आणि तें नीट पाहतां यावें म्हणून उंच जागा केली आहे. तेथें पाहुणे येतात, हेंही त्यांस सांगितलें. त्यांनीं नकाशा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, घडी घालून सातबाराच्या पिशवींत ठेवला आणि म्हणाले, "माझ्या एकट्याच्या हातांत नाय. उताऱ्यावर पांच नांवं हायत. दोन मुंबईला. त्यांना इचारतों."

नोंदीच्या तीन प्रती केल्या. एक मालकांकडे, एक रत्नागिरीच्या अभ्यासकांकडे, आणि एक आमच्या कपाटांत. हा लेख लिहीपर्यंत खुंट्या जागच्या हलल्या नाहींत आणि यंत्रही आलेलें नाहीं. पावसाळ्यापूर्वीं निर्णय होईल असें कळतें. गांवाचें नांव गाजलें तर बघ्यांची गर्दी होऊन बोलणें फिसकटावयाचें, म्हणून तें येथें दिलें नाहीं.

'उताऱ्यावर पांच नांवें, दोन मुंबईला' हे शब्द मात्र आमच्या कानांत राहिले आहेत. हें मासिक ज्या घरांत जातें, त्यांपैकीं किती घरांत तीं मुंबईचीं दोन नांवें असतील! दलालाचा दूरध्वनि येतो, कोंकणांतील बिनकामाच्या कातळास भाव आला आहे असें समजतें, आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करून आपण मोकळे होतों. सही करूं नये असें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. प्रत्येकाच्या घरीं खर्च आहेत. विनंति एवढीच कीं, सहीपूर्वीं एकदां थंडीच्या दिवसांत जावें, मुलांना व नातवंडांना बरोबर न्यावें, गांवांतील एखाद्या वृद्ध गुराख्यास विचारावें आणि सकाळच्या उन्हांत आपला कातळ पायीं फिरून पाहावा. कांहीं आढळलें तर खडूनें रंगवूं नये, दगड हलवूं नयेत. छायाचित्र घेऊन राज्याच्या पुरातत्त्व खात्यास किंवा रत्नागिरीच्या अभ्यासकांस कळवावें, आणि विक्रीच्या नकाशांतून तेवढे दोन गुंठे वगळावे.

कांहीं न आढळलें तरी फेरी फुकट गेली असें होणार नाहीं. आजोबांच्या तोंडून केवळ नांव ऐकलेला सडा नातवानें एकदां पायांखालीं घातलेला असेल.